काळ्या दगडात हिरा का नाही?

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू तुझ्या कामाविषयी वीस मिनिटं बोल." माझं काम म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणं. त्यावर बोलले तर जेवणाची घंटा व्हायच्या आत अर्धा हॉल झोपेल. म्हणून मी दगडावर बोलणार आहे. घाबरू नका, कामाचा विषय मध्ये येईलच, आणि त्यात माझी एक मोठी चूकही येईल.

नववी ब मधला एक दिवस काही जणांना आठवत असेल. आपल्यातल्या एकाच्या मळ्यात विहिरीचं काम चालू होतं. सुरुंगाने फोडलेल्या दगडात एक पोकळी निघाली आणि तिच्यात काचेसारखे चकाकणारे स्फटिक. पठ्ठ्याने रुमालात गुंडाळून एक तुकडा वर्गात आणला आणि मधल्या सुट्टीपर्यंत 'ह्याच्या विहिरीत हिरा सापडला' ही बातमी दहावीच्या वर्गांपर्यंत पोचली होती. नाव घेत नाही. तिसऱ्या रांगेत बसलाय, हसतोय.

पुढचा तास भूगोलाचा. बाईंनी तो दगड हातात घेतला, खिडकीशी गेल्या आणि त्याची कड काचेवर दाबून ओढली. काचेला काही झालं नाही. दगडाची कड मात्र भुरभुरली. "हिरा नाही," बाई म्हणाल्या, "पण दगड छान आहे, जपून ठेव." त्या दगडाचं नाव बहुधा अपोफिलाइट असावं, हे मला आता कळतं. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारे असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले असतात. काचेपुढे मात्र ते मऊ.

तेव्हा मी हात वर केला. पुस्तकात लिहिलं होतं की हिरा ज्वालामुखीच्या खडकात सापडतो. त्याच पुस्तकात हेही लिहिलं होतं की आपलं सगळं पठार ज्वालामुखीच्या खडकाचं. मग आपल्याकडे हिरा का नाही?

बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. तुला कळलं, तर मला येऊन सांग."

बाई, तुम्ही समोर बसला आहात. तीस वर्षं उशीर झाला, पण सांगायला आले आहे.

प्रश्नातच घोटाळा होता. ज्वालामुखी हिरा तयार करतच नाही, तो फक्त वाहून आणतो. हिरा तयार होतो जमिनीखाली साधारण १५० ते २०० किलोमीटरवर, भूकवचाच्या खालच्या प्रावरणात. तिथे कार्बनवर इतका दाब असतो की त्याचे अणू एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्याहून वर, कमी दाबाला, त्याच कार्बनचं ग्रॅफाइट होतं, म्हणजे आपल्या पेन्सिलीतलं शिसं. बहुतेक हिरे १०० कोटी ते ३५० कोटी वर्षं वयाचे आहेत. त्यांना वर आणणारा खडक त्यांच्या मानाने अगदी तरुण. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली गावाजवळचा खडक सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यातले हिरे त्याच्या कित्येक पट जुने.

मी स्वतःला हे समजावताना एसटी डोळ्यांपुढे आणते. शिलारस म्हणजे गाडी आणि हिरा म्हणजे प्रवासी. प्रवासी वरच्या गावाला पोचायचा असेल, तर गाडी त्याच्या स्टॉपवरून गेली पाहिजे. आणि हा स्टॉप सगळीकडे नसतो. हिरा टिकायला खाली जाड, जुनं आणि त्यामानाने थंड असं खंडाचं मूळ लागतं. टॉम क्लिफर्ड नावाच्या भूवैज्ञानिकाने १९६६ मध्ये आफ्रिकेच्या नकाशावरून हे दाखवून दिलं. खाण चालवण्याजोगे किंबरलाइट खंडाच्या अतिप्राचीन, अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच स्थिर झालेल्या गाभ्यांवर सापडतात. (किंबरलाइट म्हणजे हिरे वर आणणारा खडक. नाव किंबर्लीवरून पडलं.) याला अपवाद आहेत. ऑस्ट्रेलियातली आर्गाइलची खाण अशा गाभ्याच्या कडेला होती, आणि तिथला खडकही किंबरलाइट नव्हता, लॅम्प्रोइट होता. पण शोधाशोध करणारा माणूस आजही आधी क्लिफर्डचाच नकाशा पाहतो.

आता आपला काळा दगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा लांबच लांब भेगांमधून थरावर थर येत राहिला आणि पाच लाख चौरस किलोमीटरचं पठार झालं. पण हा शिलारस हिऱ्याच्या स्टॉपच्या बराच वर तयार झाला. ही गाडी निघालीच मुळी पुढच्या गावाहून. चुकून एखादा हिरा तिच्यात चढला असता, तरी तसल्या तापलेल्या रसात तो विरघळून गेला असता.

मला सगळ्यात गंमत वाटली ती याची, की जवळपास त्याच काळात छत्तीसगडमध्ये, मैनपूरच्या बाजूला, खोलवरून आलेला वेगळाच शिलारस जमीन फोडून वर आला. त्याच्यात हिरे आहेत. तिकडे खाली प्राचीन गाभा होता आणि गाडीही खोलवरून निघाली होती. तोच प्राचीन गाभा आपल्या गडचिरोलीखालीही पसरलेला आहे. गडचिरोलीतल्या वैरागडजवळच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख तर आईन-इ-अकबरीत आहे. म्हणजे 'महाराष्ट्रात हिरा नाही' हे वाक्य बरोबर नाही. 'आपल्या काळ्या दगडात नाही' हे बरोबर आहे.

स्टॉपवरून गाडी गेली तरी काम संपत नाही. तिने वेगात वर यायला हवं. खाली दीडशे किलोमीटरवरून निघालेला किंबरलाइटचा रस काही तासांत, फार तर दोनेक दिवसांत जमिनीवर येतो, असा अंदाज आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ भरपूर असते, त्यामुळे वर येताना तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो. पुरावा त्याच्याच पोटात असतो. प्रावरणातले मोठमोठे जड दगड त्याने उचलून आणलेले दिसतात. रस सावकाश येत असता तर हे दगड वाटेतच खाली बसले असते.

आणि सावकाश आलं तर हिऱ्याचं काय होतं, हेही एके ठिकाणी पाहायला मिळतं. मोरोक्कोत बेनी बुशेरा नावाचा डोंगर आहे. तिथे प्रावरणाचा एक मोठा तुकडा हळूहळू वर आला. त्याच्यात हिऱ्याच्या आकाराचे, अष्टफलकी, कडा असलेले खडे सापडतात, पण हाताला काळं लागतं. आत सगळं ग्रॅफाइट. आकार हिऱ्याचा, माल पेन्सिलीचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं होतं. त्याने "हो का" म्हटलं आणि कूस बदलली.

जगात आजवर हजारो किंबरलाइट सापडले आहेत. खाण चालवावी असा शेकड्यात एखादाच निघतो. बाकीच्यांची गाडी स्टॉपवरून गेली नाही, किंवा उशीर झाला, किंवा स्टॉपवर कुणी उभंच नव्हतं.

आता किंबर्लीला जाऊ. तिथे डी बिअर नावाच्या भावांची शेती होती. हिरे निघाल्यावर गर्दी झाली आणि त्यांनी शेती विकून टाकली. पुढे कंपनी झाली, तिला नाव मात्र त्यांचं. १८७१ मध्ये शेजारच्या एका टेकडीवर लोकांनी सुमारे ३१ फुटी चौकोन आखून घेतले आणि प्रत्येकाने आपापला चौकोन खणायला सुरुवात केली. वरची माती पिवळी आणि भुसभुशीत होती. ती संपल्यावर खाली निळसर, कठीण दगड लागला. बऱ्याच जणांना वाटलं, झालं, माल संपला, हा तळ. त्यांनी आपले चौकोन विकले. ज्यांनी घेतले त्यांची चांदी झाली, कारण निळा दगड आणि पिवळी माती ही एकच वस्तू होती. निळा खडक ऊन, पाऊस, हवा लागून कुजला की पिवळा होतो. पुढे तर खाणवाले तो निळा दगड मुद्दाम माळावर वाळवणासारखा पसरून ठेवत. काही महिन्यांत तो आपोआप फुटे, मग त्यातून हिरे धुऊन काढत.

१९१४ पर्यंत तिथे सव्वादोन कोटी टन माल उपसला गेला. त्यातून हिरे निघाले सुमारे २७२० किलो. भागाकार करून पाहा. टनाला ०.१२ ग्रॅम. ट्रकभर दगडात जेमतेम एक-दीड ग्रॅम. आणि हेही सरासरीने. 'सरासरी' हा शब्द लक्षात ठेवा, माझी चूक तिथेच आहे.

त्याआधी एक गोष्ट. किंबरलाइटची नळी गाजरासारखी असते, वर रुंद आणि खाली निमुळती. उद्रेकानंतर जमीन झिजते, तसं गाजर वरून कापलं जातं. किंबर्लीत वरचा बराच भाग कोट्यवधी वर्षांत वाहून गेला आहे. त्याच्या उलट बोत्सवानातलं ओरापा. तिथे मुखाचा भाग शाबूत राहिला. विवरात तळं झालं होतं, त्याच्या गाळात त्या काळचे किडे आणि पानं दगड होऊन बसली आहेत. वरचं तोंड शिल्लक असल्यामुळे ओरापाचा विस्तार शंभर हेक्टरांहून जास्त आहे. किंबर्लीचं खणून झालेलं प्रसिद्ध भोक सतरा हेक्टरांचं.

मग वाहून गेलेल्या भागातले हिरे कुठे गेले? नद्यांनी नेले. ऑरेंज नदीने ते थेट अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचवले आणि समुद्राच्या लाटांनी आजच्या नामिबियाच्या वाळूत पसरवले. वाटेत भेगा असलेले, कच्चे हिरे फुटून गेले. म्हणून किनाऱ्यावर सापडणारे बहुतेक सगळे दागिन्यांत बसवण्याजोगे असतात. १९०८ मध्ये तिथे रेल्वेच्या रुळांवरची वाळू काढणाऱ्या झकरियास लेवाला या कामगाराला एक खडा दिसला. तो आधी किंबर्लीच्या बाजूला कामाला होता, म्हणून त्याने तो ओळखला आणि साहेबाला नेऊन दिला. साहेब श्रीमंत झाला. लेवालाला त्यातलं काही मिळालं नाही. हे सांगायचं राहून जातं, म्हणून सांगितलं.

आता माझं काम. दहाएक वर्षांपूर्वी पुण्यात मी ज्या कंपनीत होते, तिथे आमची टीम खाणींसाठी सॉफ्टवेअर लिहीत होती. खाण सुरू करण्याआधी नळीत जागोजागी बोअर घेतात, त्यातून निघालेला खडक तपासतात आणि त्यावरून संगणकावर नळीचं चित्र उभं करतात. सगळी नळी चौकोनी खोक्यांत वाटायची आणि प्रत्येक खोक्यात टनामागे किती कॅरेट, याचा अंदाज भरायचा. जिथे बोअर नाही तिथला आकडा आजूबाजूच्या बोअरवरून काढायचा. या पद्धतीला क्रिगिंग म्हणतात. डॅनी क्रिग या दक्षिण आफ्रिकी अभियंत्याने सोन्याच्या खाणींसाठी ती सुरू केली आणि फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी तिला गणिताचा पाया आणि क्रिगचं नाव दिलं.

आकडेमोड मला आवडायची आणि मी ती बरोबर लिहिली होती. मला माहीत नव्हतं ते हे, की नळी एकदा भरत नाही. एक उद्रेक होतो, शांत होतो. काही काळाने दुसरा रस त्याच वाटेने, कधी पहिल्याच्या पोटातून घुसून वर येतो. प्रत्येक रस खाली वेगळ्या ठिकाणाहून निघालेला असतो, म्हणून एकात हिरे भरपूर आणि शेजारच्यात जवळजवळ नाहीत, असं होतं. शिवाय उडताना हलकी राख वाऱ्यावर जाते, जड माल मुखात बसतो. कडेचे खडक कोसळून आत मिसळतात आणि माल पातळ होतो. ओरापाजवळच्या कारोवे खाणीत तीन भाग आहेत, पण २०१५ मध्ये सापडलेला १,१०९ कॅरेटचा 'लेसेडी ला रोना' निघाला तो दक्षिणेच्या भागातून, मोठ्या खड्यांसाठी आधीपासून ओळखल्या जाणाऱ्या. लेसोथोतल्या लेत्सेंग खाणीत शंभर टनांत जेमतेम दोन कॅरेट निघतात, तरी ती चालते, कारण तिथले खडे मोठे असतात. एखाद-दुसऱ्या बोअरमध्ये असा खडा लागायचाच नाही. कागदावर ती जागा ओसाड दिसेल.

भूवैज्ञानिक म्हणूनच बोअरच्या प्रत्येक नमुन्यासमोर एक अक्षर लिहितात, कुठल्या उद्रेकाचा खडक ते. आमच्याकडे आलेल्या तक्त्यात काही ठिकाणी ते अक्षर राहून गेलं होतं. मी एक ओळ लिहिली : अक्षर नसेल तर जवळच्या बोअरचं घे. मला ती हुशारी वाटली होती. त्या एका ओळीने दोन उद्रेकांमधली सीमा पुसली गेली. नळीच्या मधल्या, रिकाम्या खडकात शेजारचे हिरे पसरले आणि पडद्यावर सगळीकडे सुंदर, सारखा हिरवा रंग आला. बेरजा जुळत होत्या. सरासरी जुळत होती. अहवाल गेला.

पंधरा दिवसांनी फोनवर बैठक होती. समोर त्या खाणीच्या भूवैज्ञानिक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्या म्हणाल्या, "या मधल्या भागातला प्रत्येक बोअरचा दगड मी स्वतः हातात घेऊन पाहिलाय. तिथे काही नाही. तुमच्या चित्रात हिरे कुठून आले?"

मी वाद घातला. खरं सांगते, तीन दिवस वाद घातला. मी त्यांना सरासरी दाखवली, आलेख पाठवले, एकदा तर 'तुमचं निरीक्षण आकड्यांशी जुळत नाही' असंही लिहिलं. ते पत्र आठवलं की अजून कानाशी गरम होतं. चौथ्या दिवशी त्यांनी मला दोन फोटो पाठवले, एकाच बोअरचे, अर्ध्या मीटरच्या अंतराने. एका दगडात लाल-जांभळे गार्नेटचे दाणे खच्चून भरलेले. दुसरा सपाट, करडा. मधोमध सुरीने कापल्यासारखी रेघ. माझ्या तक्त्यात त्या दोन्हींसमोर एकच अक्षर होतं, आणि ते मी भरलेलं होतं.

साहेबांना सांगावं लागलं. अहवाल परत मागवला. तिथल्या लोकांनी त्यावरून कुठे आधी खणायचं याचा आराखडा आखायला घेतला होता, तो थांबला. थोडं आणखी पुढे गेलं असतं, तर महिनोन्‌महिने रिकामा दगड उपसला गेला असता आणि त्या वर्षीच्या कामगारांची संख्या माझ्या हिरव्या रंगावरून ठरली असती. पुढच्या टप्प्याच्या कामातून माझं नाव वगळलं गेलं. ते योग्यच होतं, पण त्या वेळी फार लागलं. तेव्हापासून माझ्या प्रोग्रॅममध्ये अक्षर नसेल तर काम थांबतं आणि पडद्यावर लाल अक्षरांत येतं, 'माहीत नाही'. ते लिहिताना मला नववी ब आठवली होती, हे बाईंना सांगायचं होतं.

त्या भूवैज्ञानिक बाईंनी निवृत्त होताना मला एक छोटं पार्सल पाठवलं. तो दगड आज आणला आहे, पहिल्या रांगेपासून फिरवायला देते. निळसर-करडा दिसतोय तो किंबरलाइट. त्यात डाळिंबाच्या दाण्यासारखे दिसतात ते गार्नेट. हिरे शोधणारे आधी या गार्नेटच्या मागावर असतात, कारण हिऱ्याच्या तुलनेत ते खूप जास्त असतात आणि त्यांच्या घटकांवरून गाडी कुठल्या स्टॉपवरून आली ते कळतं. बोत्सवानातली ज्वानेंगची नळी कालाहारीच्या वाळूखाली गाडली गेली होती. असले बारीक दाणे वाळवीने खालून वर आणले होते, ते या शोधाला उपयोगी पडले.

दगड हाताळा, नखाने खरवडा, काही होत नाही. हिरा शोधू नका, मी भिंग घेऊन तीन रविवार घालवलेत. आणि तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांना विनंती, तुमचा तो विहिरीतला दगड अजून घरात असेल तर पुढच्या वेळी घेऊन या. बाईंना दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे आहेत, आत्ताच मला म्हणाल्या.